तोंडी ढोल, एक मेंढा

अक्वेना गावात वुलोमोने मका पेरला की त्या क्षणापासून तीस दिवस ढोल बंद. वुलोमो म्हणजे गावाचा मुख्य पुजारी. पांढरे कपडे, अनवाणी पाय, आणि गावात त्याच्याहून हळू आवाजात बोलणारा माणूस नाही. रुजणाऱ्या मक्याची झोप मोडू नये, एवढंच बंदीचं कारण आहे. ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. ढोल नाही, टाळ्या नाहीत, लाउडस्पीकर नाही. चर्चमध्ये गाणं म्हणायचं तर ओठातल्या ओठात. बारसं असेल तर बाळाचं नाव पाहुण्यांच्या कानात सांगायचं आणि त्यांना जेवू घालून वाटेला लावायचं. मेलेल्या माणसानेही या महिन्यात सबुरीने घ्यायचं असतं. ढोलाशिवाय त्याला कोणी पोचवत नाही, त्यामुळे तो शवागाराच्या बर्फात पुढच्या महिन्याची वाट बघत पडून राहतो.

त्या वर्षी पेरणी सोमवारी झाली. ओक्पोती वस्तादांनी आपल्या अंगणातले सातही ढोल स्वतःच्या हाताने पालथे घातले आणि त्यांच्यावर जुनं कापड टाकलं. सातवा, म्हणजे मुख्य ढोल, त्यांच्या आजोबांचा. बाकीचे सहा ढोल त्याला उत्तर देतात, तो कोणाला उत्तर देत नाही. वस्तादांचं वय अडुसष्ट, उजवं मनगट दोन वर्षांपासून कुरकुरत होतं. ढोल पालथा घालताना ते पुतण्याला म्हणाले की बंदी उठेल त्या दिवशी आपण या ढोलावर बसणार नाही. कोण बसेल ते त्याच दिवशी सांगू.

पुतण्या म्हणजे बोर्केते. वय सव्वीस, जोड ढोलावर, म्हणजे मुख्य ढोलाला उत्तर देणाऱ्या ढोलावर, अकरा वर्षं. आख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होतं की त्याच्याइतका हात दुसऱ्या कोणाचा नाही. वस्तादांनाही ठाऊक होतं. अडचण हाताची नव्हतीच, तोंडाची होती.

बोर्केते रॅप करायचा.

सुरुवात तेविसाव्या वर्षी झाली. एका टॅक्सीत त्याने एक परदेशी रॅपर ऐकला. शब्द एकही कळला नाही, पण त्याला वाटलं की हा माणूस ढोल न घेता जोड ढोल वाजवतोय. घरी येईपर्यंत त्याने स्वतःच्या, गा भाषेतल्या चार ओळी जुळवल्या होत्या. मग सोवा न्हाव्याच्या दुकानात पडद्यामागे एक संगणक आला. सोवा गिऱ्हाईक नसताना त्याच्यावर ठेके बनवायचा आणि गिऱ्हाईक असतानाही बनवायचा, म्हणून त्या काळात गावात बऱ्याच जणांचे केस एका बाजूला जास्त होते. बोर्केते त्या ठेक्यांवर बोलायचा. पोरंटोरं डोक्यावर घ्यायची. वस्ताद खिडकी लावून घ्यायचे.

“जेवताना माणूस ज्या वेगाने बोलत नाही, त्या वेगाने बोलण्याला कला म्हणत नाहीत,” ते म्हणायचे. एकदा मात्र त्यांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. “ढोलाला उत्तर द्यायला दुसरा ढोल लागतो. तुझ्या त्या पेटीला कोण उत्तर देतं?”

हे बोर्केतेला लागलं, कारण खरं होतं. संगणकाचा ठेका कोणासाठी थांबत नाही आणि कोणाचं ऐकत नाही. आठ दिवस विचार करून बोर्केतेने संगणकाचा ठेका सोडून दिला. त्याच्या जागी काहीच घेतलं नाही.

हे काहीच न घेणं समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ढोलवादनाच्या तळाशी एक लोखंडी घंटी असते. तिचे पाच ठोके. तीन सुटे, मग जरा थांबून दोन जवळजवळ. अक्वेनाचं पोर आईच्या पाठीला बांधलेलं असतं तेव्हापासून हे पाच ठोके त्याच्या अंगात शिरतात आणि मरेपर्यंत निघत नाहीत. बोर्केते आपले शब्द असे बसवायचा की घंटीच्या पाचही जागा मोकळ्या राहाव्यात. तिथे तो गप्प बसायचा. ऐकणाऱ्याला ते सहन व्हायचं नाही. दात पडलेल्या जागी जीभ जावी तसा त्याचा हात आपोआप तिथे जायचा.

पेरणीच्या महिनाभर आधी अक्रा शहरातल्या एका एफएम रेडिओवर त्याला बोलावलं होतं. रॅप कुठे शिकलास, असं निवेदकाने विचारलं. बोर्केते म्हणाला, “माझं तोंड हाच माझा ढोल. काका कातड्यावर वाजवतात, मी जिभेवर. फरक एवढाच, की माझा ढोल खांद्यावरून वाहून न्यावा लागत नाही.” आख्ख्या किनाऱ्याने ते ऐकलं. वस्तादांनी दुकानात सेल घेताना ऐकलं. ते घरी आले आणि म्हणाले की रेडिओवर खोटं बोलू नये, ते लांबवर जातं.

बंदीचे पंधरा दिवस बोर्केतेने धड काढले. सोळावा दिवस मंगळवार होता. मंगळवारी समुद्रात होडी घालत नाहीत, म्हणजे किनाऱ्यावरचा प्रत्येक कोळी जाळं मांडीवर घेऊन रिकामा बसलेला. अफोले केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे पानात उकडलेले गोळे, विकायची; तिच्या छपरीजवळ एक उलटी होडी होती, तिच्यावर बोर्केते जाऊन बसला. दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले, म्हणजे कोणी काही म्हणू नये. आणि बाजारात भाव विचारावा इतक्याच आवाजात बोलायला लागला.

*समुद्र म्हणतो, ये उद्या.*
*मोटर म्हणते, ढकल मला.*
*बायको म्हणते, मासा कुठंय.*
*मी म्हणतो, मंगळवार.*

आणि मध्ये त्या जागा मोकळ्या.

पहिल्यांदा एका म्हाताऱ्या कोळ्याची जाळं विणायची सुई होडीच्या लाकडावर आपटली. त्याने दचकून सुईकडे पाहिलं. दुसऱ्या कडव्याला वल्ह्याचा दांडा आला. तिसऱ्याला अफोलेच्या पातेल्याचं झाकण. पाचव्या कडव्यापर्यंत साठेक माणसं पाच ठोके देत होती, प्रत्येकाची मान खाली, जणू आपण यात नाहीच.

बंदी पाळली जाते की नाही ते बघायला गावाचं पथक असतं. हाताला लाल फडकं, हातात काठी. त्यांचा म्होरक्या लंक्वे. हा लंक्वे अकरा वर्षांपूर्वी ओक्पोती वस्तादांच्या ताफ्यात होता. घंटीवर दरवेळी अर्धी मात्रा लवकर यायचा, म्हणून वस्तादांनी त्याला काढलं. आजही तो किनाऱ्यावर लवकरच आला, कडवं संपायच्या आत.

क्षणात सगळं शांत झालं. लंक्वेने विचारलं की आवाज कोण करत होतं. म्हातारा कोळी म्हणाला की आम्ही जाळं विणतोय. लंक्वे अफोलेकडे वळला.

“झाकण सटकलं,” ती म्हणाली.

“पाचदा?”

“जड आहे.”

मग त्याची नजर बोर्केतेवर गेली. हात मांड्यांखाली, चेहरा चर्चमधल्यासारखा.

“मी बोलत होतो,” बोर्केते म्हणाला. “बोलायला बंदी आहे का?”

“तू बोलत नव्हतास. तू मधेमधे थांबत होतास.”

“मग थांबायला बंदी आहे का?”

लंक्वेने यावर खरोखरच विचार केला. तो वाईट माणूस नव्हता, काटेकोर होता. शेवटी म्हणाला की ते वुलोमो ठरवेल, शनिवारी सकाळी हजर राहा. आणि नियमाप्रमाणे, ज्याच्यावर आरोप त्याच्या घरचा मुख्य ढोल त्याच दिवशी जप्त होतो. चार माणसं वस्तादांच्या अंगणात गेली. वस्ताद दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, “पालथाच न्या. आणि उन्हात ठेवू नका.”

त्यानंतर दोन दिवस ते पुतण्याशी बोलले नाहीत.

शनिवारी काय होऊ शकतं, हे गावात सगळ्यांना स्पष्ट होतं. बोर्केतेने बंदी मोडली असं ठरलं, तर एक मेंढा, श्नॅप्स दारूच्या तीन बाटल्या, आणि ढोल पुढच्या वर्षीच्या पेरणीपर्यंत देवघरात कुलपात. म्हणजे बंदी उठायच्या दिवशी मुख्य ढोलावर कोण बसेल हा प्रश्नच मिटला. मोडली नाही असं ठरलं, तर ढोल परत, आणि ती जागा मिळायची आशाही परत.

अफोले बोर्केतेहून दोन वर्षांनी लहान होती आणि त्याच्याशी वीस वर्षांनी मोठी असल्यासारखी बोलायची. गुरुवारी केंकी सोलून देताना तिने त्याला सोपी वाट दाखवली. सांग की हा ढोल नाही, नुसतं बोलणं आहे. वस्ताद दोन वर्षं हेच म्हणतायत, त्यांनाच साक्षीला घे. त्यांच्याहून मोठा जाणकार कोण आहे?

“दोन वर्षं मी त्यांना उलटं पटवतोय,” बोर्केते म्हणाला.

“मग अजून दोन दिवस पटवू नकोस.”

तिचं बरोबर होतं. बोर्केते संध्याकाळी काकांसमोर जाऊन उभा राहिला. ते मनगटाला तेल चोळत होते.

“काका, शनिवारी तुम्हाला विचारतील. तुम्ही सांगाल ना, की हा ढोल नाही म्हणून?”

“मी कधी वेगळं सांगितलंय?” वस्ताद म्हणाले.

यावर बोर्केतेला हायसं वाटायला हवं होतं. त्या रात्री त्याने अर्धी केंकी पानात टाकली.

शनिवारी वुलोमोच्या अंगणात नऊ वडीलधारी मंडळी स्टुलांवर बसली होती. वुलोमो मधे. गाव कुंपणाबाहेर, गप्प, कारण खोकल्यावरही लंक्वेचं लक्ष होतं. लंक्वेने आरोप सांगितला आणि खिशातून फोन काढला. रेडिओवरची ती मुलाखत त्याने जपून ठेवली होती. हळू आवाजात बोर्केतेचंच बोलणं अंगणात फिरलं. माझं तोंड हाच माझा ढोल. काका कातड्यावर वाजवतात, मी जिभेवर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बोर्केतेने एकदा घसा साफ केला.

“रेडिओवर माणूस फुशारकी मारतो, बाबा,” तो वुलोमोला म्हणाला. “हे ढोल वाजवणं नाही. नुसतं बोलणं आहे. आमच्या काकांना विचारा.”

हे वाक्य त्याने गुरुवारपासून घोकलं होतं, तरी बाहेर पडताना ते गरम मिरचीसारखं जिभेला लागलं.

वुलोमोने वस्तादांना विचारलं. वस्ताद उठून उभे राहिले आणि म्हणाले, “नाही. हा ढोल नाही.”

इथे प्रकरण संपलं असतं. नऊ जणांपैकी दोघांनी स्टूल मागे सरकवायलाही घेतलं होतं. पण वुलोमोला एक खोड होती. त्याला अर्धवट साक्ष चालत नसे.

“वस्ताद, तुम्ही हे ऐकलंय?”

“ऐकू येतं.”

“पूर्ण ऐकलंय का, असं विचारतोय.”

दोन वर्षांत वस्तादांनी पहिल्या ओळीच्या पुढे काही ऐकलं नव्हतं. पहिल्या ओळीलाच खिडकी लागायची.

“मग ऐका आणि मग सांगा,” वुलोमो म्हणाला. त्याने बोर्केतेला तिथेच म्हणून दाखवायला सांगितलं, पण इतक्या हळू की कुंपणाबाहेर जाता कामा नये. आणि मंगळवारी किनाऱ्यावर काय झालं हे त्याच्या कानावर आलेलं असल्यामुळे त्याने वडीलधाऱ्यांनाही हुकूम केला. सगळ्यांनी हात मांड्यांखाली घ्यावेत.

नऊ जणांनी हात मांड्यांखाली घातले. सर्वांत तरुण एकसष्ट वर्षांचा होता. वुलोमोने स्वतःचेही घातले.

बोर्केतेने सुरुवात केली. समुद्र म्हणतो, ये उद्या. मोकळ्या जागा आल्या आणि गेल्या. अंगणात एकही टाळी वाजली नाही. एका म्हाताऱ्याच्या पायाचा अंगठा मातीत रुतत होता, तेवढंच. दुसऱ्या कडव्याला तीन माना हलायला लागल्या. तिसऱ्याला एक स्टूल करकरलं. स्टुलाचा मालक कपाळावर घाम घेऊन निश्चल बसला.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटी वस्ताद म्हणाले, “थांब.”

बोर्केते थांबला.

“घंटीच्या दुसऱ्या ठोक्यानंतर लवकर आलास.”

“नाही आलो, काका.”

“आलास. थोडासा. पुन्हा म्हण.”

बोर्केतेने ती ओळ पुन्हा म्हटली. वस्तादांनी डोळे मिटले होते, उजव्या हाताची बोटं धोतरासारख्या गुंडाळलेल्या वस्त्राच्या निऱ्यांत अडकवून ठेवली होती. पुन्हा, ते म्हणाले. बोर्केतेने तिसऱ्यांदा म्हटली.

“आता बसलं,” वस्ताद म्हणाले. “लहानपणापासून तिथेच घाई करतोस.”

वुलोमोने नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, “वस्ताद, चूक कशात झाली?”

आता वस्तादांच्या लक्षात आलं. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या मान किंचित हलवून, डोळ्यांनी, विनवत होता. बोलण्यात म्हणा. काका, बोलण्यात म्हणा.

एवढा एक शब्द म्हटला असता तर त्यांच्या आजोबांचा ढोल त्याच दुपारी घरी आला असता. पण त्या माणसाने अख्ख्या आयुष्यात एका मात्रेबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. स्वतःच्या मेव्हण्याच्या अंत्ययात्रेत त्यांनी ढोल थांबवून घंटीवाल्याला दुरुस्त केलं होतं, आणि तो घंटीवाला मेव्हण्याचा मुलगा होता.

“ढोलात,” ते म्हणाले. “बोलण्यात चूक असती तर मला काय करायचं होतं? बोलू दे कसंही. चूक ढोलात होती.”

मग, एकदा सांगायचंच म्हटल्यावर, त्यांनी सगळं सांगितलं. या पोराला सातव्या वर्षी माझ्याकडे बसवला. दोन वर्षं कातड्याला हात लावू दिला नाही. आधी सगळे बोल तोंडाने, मग हाताने. माझ्या वडिलांनी मला तसंच शिकवलं. ते दोन वर्षांचं शिकणं ढोल नव्हतं, तर मी शिकवत काय होतो? खिडकी लावून घेत होतो ती माझी चूक.

“आणि हे शिकवणं बंदीच्या महिन्यातही चालायचं?” वुलोमोने विचारलं.

वस्तादांनी या प्रश्नालाही तसंच सरळ उत्तर दिलं. बंदीच्या महिन्यातच चालायचं. बाकीचे अकरा महिने मयती आणि बारशी असतात, शिकवायला सवड कोणाला? एक्केचाळीस वर्षं या महिन्यात माझ्या अंगणात पोरं तोंडाने वाजवतायत.

“लंक्वेलाही तसंच शिकवलं,” ते पुढे म्हणाले. “त्याचं तेव्हाही लवकर पडायचं.”

कुंपणाबाहेर कोणीतरी हसू दाबलं. लंक्वेची नजर स्वतःच्या पायांवर होती. वुलोमोने त्याला विचारलं की हे खरं आहे का.

“खरं आहे, बाबा,” लंक्वे म्हणाला. काटेकोर माणसाला दुसरा इलाज नसतो.

वुलोमोने नऊ जणांशी दहा मिनिटं कुजबुज केली. मग निकाल दिला. किनाऱ्यावरचा सर्वांत जाणता वस्ताद सांगतो की तोंड हा ढोल आहे, तर तो ढोल आहे. बंदी मोडली. बोर्केते, ओक्पोती आणि फिर्यादी लंक्वे, तिघांनी मिळून एक मेंढा आणि तीन बाटल्या आणाव्यात, आणि मेंढा म्हातारा नसावा. मुख्य ढोल पुढच्या पेरणीपर्यंत कुलपात राहील. राहिला बोर्केतेचा दुसरा ढोल. बंदीचे अजून दहा दिवस आहेत. या दिवसांत ढोल झाकून ठेवतात, म्हणून त्याचं तोंडही झाकलेलं राहील. भुकेपुरतं, गरजेपुरतं बोलावं. ठेक्यात एक अक्षर नको. लक्ष लंक्वेने ठेवायचं.

बोर्केतेचा ढोल गेला होता, जागा गेली होती, मेंढ्याचा तिसरा हिस्सा डोक्यावर बसला होता. आणि तो असा हसत होता की वुलोमोने त्याला पाणी हवंय का म्हणून विचारलं.

“दात काढू नकोस,” बाहेर पडताना वस्ताद म्हणाले. “ढोल आहे म्हटलं. चांगला आहे असं म्हटलं नाही.”

पुढचे दहा दिवस अक्वेनाला चांगली करमणूक मिळाली. बोर्केते गळ्यापासून नाकापर्यंत फडकं बांधून फिरायचा आणि दहा पावलं मागे लंक्वे. पहिल्याच दुपारी छपरीत बोर्केतेने फडकं खाली ओढून सांगितलं, “दोन केंकी, एक मासा, मिरची थोडी.”

“यात ठेका आहे,” लंक्वे म्हणाला.

“मग कसं मागू?”

“मासा आधी माग.”

बोर्केतेने मासा आधी मागितला. लंक्वेने डोकं तिरकं करून ऐकलं आणि म्हणाला की अजून आहे. मिरची आधी मागितली, तरी होता. शेवटी अफोले म्हणाली की उद्यापासून बोटाने दाखव. बोटाने दाखवल्यावर मात्र ती तिला हवं ते द्यायची. पाच दिवस त्याने माशाची डोकी खाल्ली. मासा कमी आहे असं त्याने बोटांनी सांगून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली की तिला ही भाषा येत नाही.

सव्विसाव्या दिवशी किनाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं. लंक्वे दहा पावलांवरून आठ पावलांवर आला, मग पाचवर. इकडेतिकडे पाहून त्याने विचारलं की ती दुसरी घंटी, तिच्यावर मी लवकर येतो म्हणजे नेमकं कुठे येतो?

बोर्केतेने फडक्याकडे बोट दाखवलं. बोलायला बंदी.

“डोळ्यांनी दाखव,” लंक्वे म्हणाला. “डोळ्यांचं निकालात काही नाही.”

आणि तो म्होरक्या, हाताला लाल फडकं बांधलेला, बंदीच्या ऐन महिन्यात, तासभर बोर्केतेच्या पापण्यांसमोर बसला. पापण्या पाचदा मिटायच्या, तीन सुट्या आणि दोन जवळजवळ. लंक्वे गुडघ्यावर हवेतल्या हवेत बोट खाली आणायचा, आणि दरवेळी दुसऱ्या ठोक्याला बोट अर्धी मात्रा आधी.

एकतिसाव्या दिवशी, बुधवारी, बंदी उठली. वुलोमोने चौकात पहिले तीन ठोके दिले आणि महिनाभर तुंबलेला आवाज गावावर कोसळला. पुढच्या महिन्याची वाट बघणारे चार मृतही एकदाचे मार्गी लागायला मोकळे झाले. ताफे आपापल्या जागी बसू लागले. ओक्पोती वस्तादांच्या ताफ्यात सहा ढोल आले आणि मधे एक मोकळी जागा. लोक त्या जागेकडे बघत होते, मग नजर वळवत होते.

वस्ताद सगळ्यात शेवटी आले. खांद्यावर घरचं स्टूल होतं, मुख्य ढोलवाल्याचं. त्यांनी ते मोकळ्या जागेत मांडलं, पायाने एकदा हलवून बघितलं, आणि स्वतः जाऊन जोड ढोलामागे बसले. बोर्केतेच्या ढोलामागे.

“बस,” ते पुतण्याला म्हणाले.

लंक्वे गर्दीत उभा होता. त्याने नियम म्हणून आठवण करून दिली की मुख्य ढोल कुलपात आहे.

“एक कुलपात आहे,” वस्ताद म्हणाले. “दुसऱ्याला दहा दिवस तूच राखत होतास.”

लंक्वेने विचार केला. निकाल त्याला तोंडपाठ होता. त्यात याच्या विरुद्ध काहीच नव्हतं. सोवा न्हावी माइक घेऊन पुढे आला आणि वस्तादांसमोर चाचरला, कारण यंत्राबद्दलचं त्यांचं मत गावाला माहीत होतं. पण ते म्हणाले, “दे त्याला. सहा ढोलांत तो ऐकू आला नाही तर चुकला कुठे ते कळणार कसं?”

बोर्केतेने फडकं सोडून खिशात घातलं आणि तो स्टुलावर बसला. सवयीने डावा हात मांडीखाली गेला, उजव्यात माइक. 

*समुद्र म्हणतो, ये उद्या.*

मोकळी जागा आली आणि घंटी तिच्यात येऊन बसली. त्यामागून पाच ढोल, आणि सगळ्यांच्या वरून एक कुरकुरणारं, अडुसष्ट वर्षांचं मनगट, जे अकरा वर्षांपूर्वी त्याला शिकवलेलं तेच उत्तर आता त्याला देत होतं. एकाही मात्रेची चूक नाही. बोर्केतेने दोन कडवी म्हटली. तिसऱ्याच्या तोंडाशी त्याच्या मनात एक गोष्ट आली. आजवर त्याने हे फक्त भोगलं होतं, कधी कोणाला दिलं नव्हतं. जोड ढोलाला मधे थांबता येत नाही. मुख्य ढोल जिकडे जाईल तिकडे जायचं, दोन्ही हात गुंतलेले, तोंडाने एक शब्द काढायची सोय नाही.

तो काकांकडे वळला, त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि दुसऱ्या घंटीनंतर मुद्दाम अर्धी मात्रा लवकर आला.

वस्तादांच्या भुवया कपाळात गेल्या. ओठ उघडले, पण हात चालूच होते. ते मागोमाग आले, यावंच लागलं, आणि मान हलवत, दात ओठ खात, त्यांनी जे उत्तर दिलं ते बोर्केतेने त्या ढोलातून कधी ऐकलं नव्हतं.

गर्दीत कोणालाच ती उडी पकडता आली नाही. शंभर टाळ्या मागे राहिल्या. एकच टाळी नेमकी जागेवर पडली, खणखणीत, बोर्केतेच्या अगदी बरोबर. लंक्वे स्वतःच्या तळहातांकडे बघत उभा होता.